शहरातला विमानतळ कसा वापरायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदाच विमानानं जातोय. अडचण आली तर नेमकं कोणाला विचारायचं?

हा प्रश्न मुद्दाम सगळ्यांत आधी घेतला आहे, कारण विमानतळावरची निम्मी दमछाक चुकीच्या माणसाला विचारल्यामुळे होते. विमानतळ बाहेरून एकच दिसतो, पण आत किमान चार वेगळ्या यंत्रणा काम करत असतात. इमारत, सरकते जिने, स्वच्छतागृहं, ट्रॉल्या, फलक, वाय-फाय हे सगळं विमानतळ चालवणाऱ्यांकडे असतं. तिकीट, बोर्डिंग पास, सीट, सामान, विमानाला झालेला उशीर हे विमान कंपनीकडे. अंगाची आणि बॅगेची तपासणी सुरक्षा यंत्रणेकडे. पासपोर्टवरचा शिक्का आणि आणलेल्या वस्तूंची चौकशी सरकारच्या इमिग्रेशन आणि कस्टम्सकडे. एकाला दुसऱ्याच्या कामात हात घालता येत नाही. सुरक्षा तपासणीत अडकलेली वस्तू विमान कंपनी सोडवून देऊ शकत नाही, आणि हरवलेली बॅग विमानतळाच्या चौकशी खिडकीवर सापडत नाही.

आणखी एक बाब फारशी कोणी सांगत नाही. चेक-इन काउंटरवर विमान कंपनीच्या गणवेशात बसलेली व्यक्ती पुष्कळदा त्या कंपनीची नोकर नसते. लहान विमानतळांवर किंवा परदेशी कंपन्यांच्या बाबतीत हे काम ग्राउंड हँडलिंग (म्हणजे विमानतळावर प्रवासी आणि सामान हाताळणं) करणाऱ्या वेगळ्या कंपनीला कंत्राटानं दिलेलं असतं. त्यामुळे तिकिटातला मोठा बदल किंवा पैशांचा परतावा काउंटरवर होत नाही असं सांगितलं, तर तो उर्मटपणा असेलच असं नाही. तो अधिकार खरंच तिथे नसतो. अशा वेळी काउंटरसमोर उभं राहूनच विमान कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि ॲपही उघडून ठेवा.

शहरात दोन-तीन विमानतळ आहेत. माझं विमान कुठून सुटणार हे कसं ओळखायचं?

तिकिटावरचा तीन अक्षरी कोड बघा. लंडनला हीथ्रो म्हणजे एलएचआर, गॅटविक म्हणजे एलजीडब्ल्यू आणि शहराच्या पूर्व भागातला छोटा लंडन सिटी विमानतळ म्हणजे एलसीवाय. तिकीट शोधताना मात्र वेबसाइट अनेकदा ‘एलओएन’ असा साऱ्या शहराचा कोड दाखवते, आणि गोंधळ तिथे सुरू होतो. जायचं विमान एका विमानतळावरून आणि परतीचं दुसऱ्याच विमानतळावर, अशी तिकिटं सर्रास निघतात.

स्वस्त तिकिटाच्या नादात अंतराकडे दुर्लक्ष करू नका. पॅरिसच्या नावावर विकला जाणारा बोव्हे विमानतळ पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटर दूर आहे. टोकियोचा नारिता शहराच्या मध्यापासून साधारण ६० किलोमीटरवर, तर हानेदा शहराला लागून. तिकिटात वाचलेले पैसे तिथून शहरात येण्याच्या भाड्यात आणि वेळेत निघून जातात की नाही, हा हिशेब तिकीट काढण्याआधी करावा.

नावसाधर्म्याचा धोका वेगळाच. सॅन होजे नावाचं शहर कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकाची राजधानीही सॅन होजेच. पैसे भरण्याआधी देशाचं नाव आणि कोड पुन्हा एकदा वाचा.

तिकिटावर एका कंपनीचं नाव आणि ‘ऑपरेटेड बाय’ दुसरीच. मग कोणाच्या काउंटरवर जायचं?

विमान प्रत्यक्ष उडवणाऱ्या कंपनीच्या. याला कोडशेअर म्हणतात: एक कंपनी तिकीट विकते, उडवते दुसरी. एकाच विमानाला फलकावर तीन-चार क्रमांक दिसतात ते यामुळेच. टर्मिनलही उडवणाऱ्या कंपनीचं बघायचं, कारण मोठ्या विमानतळांवर दोन टर्मिनलमधलं अंतर चालत जाण्याजोगं असेलच असं नाही. टॅक्सीत बसल्यावर चालक ‘कोणतं टर्मिनल?’ असं विचारणारच. उत्तर घरून शोधून निघा.

विमानाच्या किती आधी पोचावं?

देशांतर्गत प्रवासाला दोन तास, आंतरराष्ट्रीयला तीन, असं सगळे सांगतात. ते चुकीचं नाही, पण त्यामागचं घड्याळ समजलं तर स्वतःपुरता नेमका अंदाज बांधता येतो.

तिकिटावर छापलेली वेळ ही विमान गेट (विमानात चढण्याचं दार) सोडण्याची वेळ असते. आकाशात झेपावण्याची नव्हे, आणि तुम्ही गेटवर पोचण्याची तर नव्हेच. त्या वेळेपासून मागे यायचं. गेट साधारण १५ ते २० मिनिटं आधी बंद होतं. चेक-इन काउंटर आणि सामान घेणं आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुधा ६० मिनिटं आधी बंद होतं. काही कंपन्या आणखी आधी बंद करतात, देशांतर्गत प्रवासात थोडी सवलत असते. नेमके आकडे कंपनीच्या वेबसाइटवर असतात आणि ते वाचण्यासारखे आहेत.

काउंटर बंद झाल्यावर ‘विमान तर अजून उभंच आहे’ हा युक्तिवाद चालत नाही, याचं कारण समजून घ्या. त्या तासाभरात सामानाची क्ष-किरण तपासणी होते, ते विमानात लादलं जातं, प्रवासी आणि सामानाच्या वजनावरून विमानाचा समतोल आणि लागणारं इंधन ठरतं, प्रवाशांची यादी अंतिम होते. प्रवासी गेटवर आला नाही तर त्याची बॅग विमानाच्या पोटातून शोधून खाली उतरवावी लागते. म्हणून नियम इतके ताठर आहेत.

आता या हिशेबात स्वतःची परिस्थिती घाला. सामान द्यायचं आहे का? सोबत लहान मूल किंवा वयस्कर माणूस आहे का? सुट्ट्यांचा हंगाम आहे का? विमान पहाटेचं असेल, तर तुमच्यासारखी शेकडो माणसं एकाच वेळी रांगेत उभी असतात, कारण पहाटे एकापाठोपाठ एक विमानं सुटतात. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या प्रवासाला लवकर पोचा आणि गेटजवळ बसून राहा.

रात्री १२ वाजून २० मिनिटांचं विमान असेल तर निघायचं कधी?

आदल्या दिवशी संध्याकाळी. तिकिटावर १५ तारीख, रात्री ००:२० असं लिहिलं असेल तर तुम्हाला १४ तारखेच्या रात्री विमानतळावर असायला हवं. १५ तारखेच्या रात्री बॅगा घेऊन पोचणारे प्रवासी प्रत्येक मोठ्या विमानतळावर दिसतात, आणि तोवर विमान जाऊन जवळजवळ एक दिवस उलटलेला असतो. असं तिकीट हातात आलं की घरातल्या सगळ्यांना ‘१४ च्या रात्री’ असंच सांगा. तिकिटावरच्या सगळ्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक असतात, हेही लक्षात ठेवा.

ऑनलाइन चेक-इन केलंय. तरी काउंटरवर जावं लागतं का?

बॅग द्यायची नसेल आणि व्हिसाची कागदपत्रं तपासायची नसतील तर नाही. बॅग असेल तर ‘बॅग ड्रॉप’च्या रांगेत उभं राहायचं, ती बहुधा छोटी असते. बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुष्कळ विमानतळांचं वाय-फाय मोबाइलवर ओटीपी आल्याशिवाय सुरू होत नाही, आणि परदेशात तो येईलच याची खात्री नसते.

काउंटरवर बॅग देताना काय बघावं?

बॅगेला लावलेला कागदी पट्टा वाचा. त्यावर मोठ्या अक्षरात छापलेला तीन अक्षरी कोड म्हणजे ती बॅग कुठवर जाणार ते ठिकाण. तुम्ही दोन विमानं बदलून जाणार असाल आणि पट्ट्यावर मधल्याच शहराचा कोड असेल, तर बॅग तिथे उतरवून पुन्हा द्यावी लागेल. हे काउंटरवरच विचारून घ्या: ‘बॅग मला थेट कुठे मिळेल?’ एवढा एक प्रश्न पुढचे कित्येक तास वाचवतो.

पट्ट्यावरचा दहा आकडी क्रमांक त्या बॅगेची ओळख. त्याचीच छोटी चिठ्ठी तुमच्या बोर्डिंग पासला किंवा पासपोर्टला चिकटवली जाते. बॅग हातात येईपर्यंत ती फेकू नका, आणि तिचा फोटो काढून ठेवा. बॅगेचाही फोटो काढा. बॅग हरवल्यावर ‘काळी, मध्यम आकाराची’ या वर्णनाचा काही उपयोग होत नाही. आधीच्या प्रवासाचे जुने पट्टे काढून टाका, नाहीतर यंत्र जुना बारकोड वाचू शकतं. बॅगेच्या आतही नाव आणि फोन नंबर लिहिलेला कागद ठेवा. बाहेरचा पट्टा फाटला तर तोच कामी येतो.

एका बॅगेचं वजन ३२ किलोच्या वर असेल तर जादा पैसे देऊनही ती बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. सामान उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीचा विचार करून ही मर्यादा घातली आहे, आणि ती योग्यच आहे. दोन बॅगा करा.

पॉवर बँक कुठे ठेवायची? चेक-इन बॅगेत का चालत नाही?

पॉवर बँक, कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्या, ई-सिगारेट हे सगळं फक्त केबिन बॅगेत, म्हणजे विमानात सोबत नेता त्या बॅगेत. हा नियम जगभर लागू आहे. लिथियम बॅटरी आतून बिघडली की ती स्वतःच तापत जाते, आणि एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. केबिनमध्ये धूर दिसला तर कर्मचारी पाणी आणि अग्निशामक घेऊन लगेच धावू शकतात. विमानाच्या पोटात ते पोचू शकत नाहीत.

मर्यादा वॉट-अवरमध्ये (Wh, बॅटरीत साठणारी ऊर्जा) मोजतात. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. १०० ते १६० साठी विमान कंपनीची मंजुरी लागते आणि अशा दोनच नेता येतात. त्यापुढच्या नेता येत नाहीत. पॉवर बँकेवर बहुधा एमएएच (mAh) लिहिलेलं असतं. त्याला ३.७ नं गुणून १००० नं भागा. म्हणजे २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची झाली, चालते. २७,००० एमएएच म्हणजे जवळपास १०० वॉट-अवर. आकडे पुसले गेलेली पॉवर बँक अधिकारी काढून घेऊ शकतात, कारण तिची क्षमता त्यांना पडताळता येत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेल्या एका प्रवासी विमानाला आग लागली. सगळ्यांचे जीव वाचले. त्यानंतर त्या देशानं पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायलाही मनाई केली, आणि अनेक कंपन्यांनी विमानात ती वापरण्यावर बंधनं घातली. तुमच्या कंपनीचा नियम काहीही असला तरी ती जवळ, हाताशी ठेवा. पेटली तर कप्पा उघडण्यात जाणारे सेकंद महागात पडतात. आणि केबिन बॅग ऐन वेळी गेटवर ‘खाली ठेवायला’ मागितली, तर देण्याआधी पॉवर बँक काढून घ्यायला विसरू नका. नेमकं हेच सगळ्यांच्या हातून राहतं.

१०० मिलीलिटरचा नियम नेमका काय आहे?

ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमधून उत्तर अमेरिकेला जाणारी विमानं द्रवरूप स्फोटकांनी उडवण्याचा कट पोलिसांनी उधळला. हा नियम त्यानंतर आला. आंतरराष्ट्रीय प्रवासात केबिन बॅगेतला प्रत्येक द्रव १०० मिलीलिटरपर्यंतच्या डबी-बाटलीत हवा, आणि त्या सगळ्या मिळून साधारण एक लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत मावायला हव्यात. मोजतात ते बाटलीचं आकारमान, आतला द्रव नव्हे. तळाशी थोडंसंच उरलेली २०० मिलीलिटरची बाटलीही काढून घेतात. टूथपेस्ट, जेल, क्रीम, मध, लोणी हे सगळं द्रवातच धरतात.

नव्या सीटी स्कॅनरमुळे काही विमानतळांनी हा नियम सैल केला आहे. त्यावर विसंबू नका. जाताना सैल, येताना कडक असं होऊ शकतं, आणि वाटेत विमान बदलताना तिसऱ्याच विमानतळाचा नियम लागतो. ड्युटी-फ्रीमधून घेतलेल्या बाटल्या दुकानदार सीलबंद पिशवीत देतो. शेवटच्या मुक्कामापर्यंत ते सील फोडू नका आणि पावती आतच राहू द्या.

रोजची औषधं आणि पेसमेकर यांचं काय?

औषधं केबिन बॅगेत, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. प्रवासाच्या दिवसांपेक्षा थोडी जास्तच घ्या. इन्सुलिन चेक-इन बॅगेत मुळीच टाकू नका: बॅग भलतीकडे गेली तर धोका, आणि विमानाच्या पोटात ते गोठून निकामी होण्याची भीती. औषधाच्या द्रवाला १०० मिलीलिटरच्या मर्यादेतून सूट मिळते, पण ते बाहेर काढून स्वतःहून दाखवावं लागतं.

आपल्याकडे साधं वाटणारं औषध दुसऱ्या देशात नियंत्रित असू शकतं. सर्दीच्या काही गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापुढे जपानमध्ये नेता येत नाही. कोडीन आणि ट्रॅमाडॉल या वेदनाशामकांवर संयुक्त अरब अमिरातीत कडक नियंत्रण आहे. निघण्याआधी त्या देशाच्या दूतावासाची वेबसाइट बघा.

पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड जवळ ठेवा आणि तपासणीआधी सांगा. दरवाजासारख्या डिटेक्टरमधून चालत जायला बहुतेक डॉक्टरांची हरकत नसते. हातात धरायचा डिटेक्टर छातीवर धरून ठेवू देऊ नका. हातानं तपासणी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, त्यात संकोच करू नका. खासगी खोलीत तपासणीही मागता येते.

सुरक्षा तपासणीची रांग लवकर कशी पार पडेल?

ट्रे समोर येण्याआधीच तयारी करा. घड्याळ, पट्टा, किल्ल्या, नाणी, फोन रांगेत असतानाच जॅकेटच्या खिशात टाका आणि जॅकेट ट्रेमध्ये ठेवा. लॅपटॉप सहज निघेल असा वरच ठेवलेला असावा. तुमचा ट्रे यंत्रात शिरेपर्यंत त्याच्याजवळून हलू नका. पलीकडे गेल्यावर सगळं उचलून बाजूच्या बाकावर जा आणि तिथे नीट मोजून आवरा. पासपोर्ट आणि फोन इथेच सर्वांत जास्त विसरले जातात.

बॉम्ब, अपहरण असे शब्द गमतीतही उच्चारू नका. तिथल्या कर्मचाऱ्यांना प्रत्येक उच्चार गांभीर्यानं घ्यावाच लागतो.

व्हिसा आहे, तिकीट आहे, तरी विमान कंपनी काउंटरवर का अडवते?

कारण कागदपत्रं अपुरी असलेला प्रवासी नेल्याबद्दल अनेक देश विमान कंपनीला दंड करतात आणि त्याला परत आणण्याचा खर्चही तिच्यावरच पडतो. काउंटरवरचे कर्मचारी टायमॅटिक नावाच्या माहितीकोशात प्रत्येक देशाचे नियम बघतात. त्यात ‘पासपोर्ट सहा महिने वैध हवा’ असं असेल आणि तुमचा पाचच महिने असेल, तर ते हतबल असतात. शेंगेन देशांचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा) नियम वेगळा: तिथून निघण्याच्या तारखेनंतर तीन महिने वैधता हवी आणि पासपोर्ट दहा वर्षांहून जुना नको.

तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतंय ना, हे तिकीट काढल्या दिवशीच तपासा. त्या दिवशी दुरुस्ती सोपी असते, काउंटरवर ती फार अवघड होते.

गेट शोधताना घोषणा ऐकू येत नाहीत. का?

कित्येक विमानतळांनी गोंगाट कमी करण्यासाठी घोषणा जवळपास बंद केल्या आहेत. हेलसिंकी आणि लंडन सिटी ही त्यांतली दोन. तिथे फलकावरच लक्ष ठेवावं लागतं. गेट बोर्डिंग पासवर छापलेलं असलं तरी ते बदलू शकतं, म्हणून दर १५-२० मिनिटांनी फलक बघा. खरेदी आणि खाणंपिणं गेट बघून आल्यानंतर. काही गेटांना जायला विमानतळाच्या आतली ट्रेन पकडावी लागते, आणि एकदा पलीकडे गेलं की परत येणं वेळखाऊ असतं.

वाटेत विमान बदलायचं आहे. दोन तास पुरतील का?

आधी हे सांगा: दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत की वेगळी काढली आहेत? सगळं उत्तर यावर अवलंबून आहे.

एकाच बुकिंगवर असतील, तर तेवढा वेळ त्या विमानतळाच्या किमान जोडणी-वेळेत बसतो हे पाहूनच तिकीट विकलेलं असतं. पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीचं काम. बॅगही बहुधा थेट जाते.

वेगवेगळी काढली असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेला प्रवासी. तिकीट बुडतं. शिवाय बॅग उतरवून घ्या, बाहेर या, पुन्हा चेक-इन करा, हे सगळं आलं. आणि बाहेर यायचं म्हणजे त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. अशा प्रवासात दोन तास म्हणजे जुगार. सहा तास ठेवा, जमलं तर एक रात्र.

अमेरिकेचा नियम आणखी वेगळा. तिथे पाऊल ठेवलेल्या पहिल्याच विमानतळावर प्रत्येकाला इमिग्रेशनमधून जावं लागतं, पुढे तिसऱ्या देशात जायचं असलं तरी. बॅगही बहुधा तिथे उचलून, कस्टम्स पार करून पुन्हा बेल्टवर द्यावी लागते. डब्लिन, टोरंटो आणि अबू धाबी अशा काही ठिकाणी ही अमेरिकी तपासणी निघतानाच होते. तिथून निघालात तर वेळ आधी जास्त लागतो, पण उतरल्यावर मोकळे.

परतीच्या तिकिटाबद्दल एक इशारा. पहिला टप्पा तुम्ही सोडून दिला तर अनेक कंपन्या पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द करतात. ‘जाताना ट्रेननं जाऊ, येताना हेच तिकीट वापरू’ असं परस्पर ठरवू नका.

आईवडील एकटे प्रवास करणार आहेत. त्यांच्यासाठी काय करता येईल?

व्हीलचेअर मागा. ‘मला चालता येतं, व्हीलचेअर कशाला’ म्हणून वडीलधारी माणसं नकार देतात, पण मोठ्या टर्मिनलमध्ये गेटपर्यंतचं अंतर एक किलोमीटरहून अधिक असू शकतं. सोबत येणारा मदतनीस त्यांना सुरक्षा, इमिग्रेशन आणि गेट या तिन्ही ठिकाणी वाट दाखवतो. भाषेची अडचण असलेल्यांना तर हाच मोठा आधार ठरतो.

विमान कंपन्या यासाठी तीन कोड वापरतात. लांब चालता येत नाही पण पायऱ्या चढता येतात, त्यांना डब्ल्यूसीएचआर. पायऱ्याही चढता येत नाहीत, त्यांना डब्ल्यूसीएचएस. सीटपर्यंतही उचलून न्यावं लागतं, त्यांना डब्ल्यूसीएचसी. बुकिंगमध्ये बरोबर कोड पडला आहे ना, ते विचारा, कारण विमान शिडीवरून चढायचं असेल तर हा फरक मोठा असतो. किमान ४८ तास आधी कळवा आणि आदल्या दिवशी पुन्हा खात्री करा.

त्यांच्या खिशात एक कागद ठेवा: विमानाचे क्रमांक, बदलायचं शहर, उतरल्यावर घ्यायला येणाऱ्याचं नाव आणि फोन, रोजची औषधं. फोनची बॅटरी संपू शकते, कागद संपत नाही.

स्मृतिभ्रंश, स्वमग्नता, कमी ऐकू येणं अशा दिसून न येणाऱ्या अडचणी असतील, तर सूर्यफुलांचं चित्र असलेली हिरवी गळपट्टी अनेक विमानतळांवर मोफत मिळते. ही कल्पना २०१६ मध्ये गॅटविक विमानतळावर सुरू झाली. ती गळ्यात दिसली की कर्मचारी थोडा जास्त वेळ देतात, शांतपणे बोलतात. याची माहिती आणखी कितीतरी घरांपर्यंत पोचायला हवी.

तान्हं बाळ किंवा लहान मूल सोबत असेल तर?

बाळाचं दूध आणि अन्न १०० मिलीलिटरच्या नियमातून वगळलेलं असतं, प्रवासाला पुरेल इतकं नेता येतं. बाबागाडी बहुधा गेटपर्यंत नेता येते. मूल फक्त आई किंवा फक्त वडिलांसोबत परदेशी जात असेल, तर दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र जवळ ठेवा. काही देशांत ते सक्तीचं आहे. विमान उतरताना बाळाला काहीतरी चोखायला द्या, गिळण्यानं कानातला दाब सुटतो.

विमानाला उशीर झाला किंवा ते रद्दच झालं तर?

भरपाई, जेवण, हॉटेल हे सगळं विमान कंपनीकडे मागायचं, विमानतळाकडे नाही. काय मिळेल ते देशागणिक बदलतं. युरोपियन युनियनच्या २००४ च्या नियमानुसार तिथून सुटणाऱ्या विमानानं तुम्ही तीन तास किंवा त्याहून उशिरा पोचलात आणि कारण कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल, तर अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो मिळू शकतात. वादळ, हवाई नियंत्रकांचा संप अशी कारणं असतील तर भरपाई नाही, पण जेवणाखाण्याची आणि राहण्याची सोय तरीही करावी लागते. उशिराचं कारण लेखी मागा आणि खर्चाच्या पावत्या जपा.

रद्द झाल्यावर मिळेल ते घाईनं स्वीकारू नका. परतावा घेतलात तर पुढे पोचवण्याची जबाबदारी संपते, हे लक्षात घेऊन निवडा.

तिकीट काढतानाच एक काळजी घेता येते. एकच विमान दिवसभर अनेक फेऱ्या करतं, त्यामुळे सकाळचा उशीर रात्रीपर्यंत साठत जातो. फ्रँकफर्ट आणि सिडनीसारख्या शहरांत रात्री ११ नंतर उड्डाणांवर बंदी आहे, म्हणजे शेवटचं विमान उशिरा आलं तर ते सुटतच नाही. लग्न, परीक्षा, मुलाखत असेल तर दिवसाच्या शेवटच्या विमानावर विसंबू नका.

बेल्टवर माझी बॅग आलीच नाही. आता?

बाहेर पडू नका. बेल्टच्या हॉलमध्येच सामान चौकशीचा काउंटर असतो. तिथे तक्रार नोंदवा. त्या नोंदीला पीआयआर म्हणतात आणि तिचा क्रमांक तुम्हाला मिळायलाच हवा. एकदा बाहेर गेलात की आत येणं अवघड, आणि ‘तेव्हाच का सांगितलं नाही’ हा प्रश्न उभा राहतो. प्रवास दोन कंपन्यांचा असेल तर तक्रार शेवटच्या विमानाच्या कंपनीकडे.

न पोचलेल्या बॅगांपैकी बहुतेक हरवलेल्या नसतात, मागे राहिलेल्या असतात आणि पुढच्या एक-दोन विमानांनी येतात. तोवर दात घासायचा ब्रश, बदलायचे कपडे अशा गरजेच्या वस्तू घ्या आणि पावत्या ठेवा. वाजवी खर्च मागता येतो.

आंतरराष्ट्रीय प्रवासात १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराचे नियम लागतात. बॅग फुटली-फाटली असेल तर ती मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार हवी. उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. २१ दिवस उलटूनही आली नाही तर ती हरवली असं धरून दावा करता येतो. कंपनीची कमाल जबाबदारी २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे. मर्यादा आहे म्हणूनच दागिने, लॅपटॉप, मूळ प्रमाणपत्रं चेक-इन बॅगेत ठेवू नयेत.

आपल्या बॅगेसारखी दिसणारी दुसऱ्याची बॅग उचलली जाणंही खूप होतं. हँडलला रंगीत फडकं बांधा आणि उचलल्यावर चिठ्ठीवरचा क्रमांक जुळवा.

कस्टम्सची लाल आणि हिरवी वाट म्हणजे काय?

शुल्क किंवा बंधन असलेली, अधिकाऱ्यांना सांगण्यासारखी वस्तू असेल तर लाल, नसेल तर हिरवी. शंका असेल तर लाल वाटेनं जाऊन विचारा. विचारणाऱ्याला फार तर शुल्क भरावं लागतं; हिरव्या वाटेनं जाताना सापडलात तर दंड होतो. मोठी रोकड, सोनं, बिया, रोपं, मांस आणि दुग्धजन्य पदार्थ यांचे त्या देशाचे नियम आधी वाचून ठेवा.

लाउंज (विमानतळावरचा आरामकक्ष) घ्यावं का?

चार तासांहून जास्त थांबायचं असेल आणि कार्डावर मोफत असेल तर जरूर. एरवी गेटजवळची शांत खुर्ची पुरेशी आहे.

रात्र विमानतळावर काढता येते का?

सगळीकडे नाही. मोठे आंतरराष्ट्रीय विमानतळ रात्रभर उघडे असतात, पण लंडन सिटीसारखे शहरातले छोटे विमानतळ रात्री कुलूपबंद होतात आणि प्रवाशांना बाहेर जावं लागतं. काही ठिकाणी इमारत उघडी असते, पण सुरक्षा तपासणी पहाटेपर्यंत बंद राहते, म्हणजे तुम्ही बाहेरच्या हॉलमध्येच बसून. थांबायची वेळ आलीच तर जाड शाल किंवा जॅकेट केबिन बॅगेत हवं, आणि झोपताना बॅगेचा पट्टा हाताला किंवा पायाला अडकवलेला हवा.

उतरल्यावर शहरात कसं जायचं, आणि घ्यायला येणाऱ्यांनी कुठे थांबायचं?

विमान उतरण्याची वेळ आणि तुम्ही बाहेर पडण्याची वेळ यांत देशांतर्गत प्रवासात अर्धा-पाऊण तास आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात एक ते दोन तास धरा. शेवटची मेट्रो किंवा ट्रेन या हिशेबानं पकडता येते का ते बघा. बाहेर पडताच ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत जवळ येणाऱ्यांबरोबर जाऊ नका. फलकावर दाखवलेल्या अधिकृत रांगेतच उभं राहा, किंवा ॲपवर बोलावलेल्या गाडीचा नंबर जुळवून बसा.

घ्यायला येणाऱ्यांना टर्मिनल आणि विमानाचा क्रमांक दोन्ही कळवा, म्हणजे उशीर झाला तर त्यांना घरबसल्या कळेल. आगमनाच्या दारासमोर गाडी थांबवू देत नाहीत. पुष्कळ विमानतळांबाहेर चालकानं गाडीतच बसून फोनची वाट बघायची मोफत किंवा स्वस्त जागा असते. त्यांना तिथे थांबायला सांगा आणि बॅगा हातात आल्यावरच फोन करा.